थाई कोळंबी वडे घरी करताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

थायलंडमध्ये ‘थॉट मन’ या नावाने दोन वेगळे पदार्थ मिळतात आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. ‘थॉट मन प्ला’ म्हणजे माशाचे वडे. त्यांत लाल करीचे वाटण, बारीक चिरलेल्या चवळीच्या शेंगा आणि मकरूट लिंबाची पाने असतात, ते चुरा न लावता तळतात आणि काकडीच्या आंबटगोड कोशिंबिरीबरोबर खातात. ‘थॉट मन कुंग’ म्हणजे कोळंबीचे वडे. त्यांत करीचे वाटण नसते, शेंगा नसतात, लाल तिखटही नसते. कोळंबी, लसूण, कोथिंबिरीची मुळे आणि पांढरी मिरी एवढ्यावर त्यांची चव उभी असते, बाहेरून पावाचा जाडसर चुरा असतो आणि सोबत आलुबुखाराच्या जातीच्या फळाची आंबटगोड चटणी येते. या दुसऱ्या पदार्थावर थायलंडमधल्या चिनी वंशाच्या लोकांच्या स्वयंपाकाची छाप स्पष्ट दिसते. हा लेख या कोळंबीच्या वड्यांबद्दल आहे. त्यांना मी मुद्दाम वडे म्हणते, कारण तिथल्या अनेक उपाहारगृहांत ते मेदूवड्यासारखे मध्ये भोक पाडूनच तळलेले असतात.

बँकॉकच्या याओवारात या चिनी वस्तीत मी ते पहिल्यांदा खाल्ले आणि घरी परतल्यावर सलग चार वेळा माझे वडे बिघडले. पहिल्या खेपेला ते तेलात फुटले, दुसऱ्या खेपेला आतून पिठूळ झाले, पुढच्या दोन्ही वेळी वरून लाल आणि दोन मिनिटांत मऊ पडलेले असे निघाले. चूक दर वेळी वेगळी होती, तरी एक गैरसमज कायम होता. कोळंबीच्या कटलेटची सवय असल्यामुळे मी या वड्यांना बांधण्यासाठी बटाटा, बेसन, पावाचा लगदा असे काहीतरी शोधत होते. या पदार्थात कोळंबीच कोळंबीला बांधते. ती थंड असेल, कोरडी असेल, तिला मीठ योग्य वेळी लागले असेल आणि ती नीट आपटली गेली असेल, तर दुसऱ्या कशाची जवळजवळ गरज उरत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या चार अटी पाळण्यासाठीच आहेत.

साहित्य आणि साधने

खालील प्रमाणात साधारण १० ते १२ वडे होतात आणि चार माणसांना सुरुवातीचा पदार्थ म्हणून ते पुरतात.

- सोललेली कोळंबी ५०० ग्रॅम (डोकी आणि कवचासह घेतल्यास सुमारे १ किलो)
- कोथिंबिरीची मुळे ५ ते ६, प्रत्येकी दोन बोटे देठासह
- लसूण ८ ते १० पाकळ्या
- पांढरी मिरी पाऊण छोटा चमचा, अख्खी
- मीठ अर्धा छोटा चमचा
- फिश सॉस २ छोटे चमचे
- साखर १ छोटा चमचा
- डुकराची चरबी ५० ग्रॅम; ती चालत नसेल तर एका अंड्याचा पांढरा बलक आणि १ मोठा चमचा वास नसलेले तेल
- कॉर्नफ्लोर किंवा टॅपिओकाचे पीठ १ मोठा चमचा
- पावाचा जाडसर चुरा १५० ग्रॅम
- तळण्यासाठी तेल, पाऊण ते १ लिटर
- कोळंबी धुण्यासाठी वेगळे मीठ १ छोटा चमचा आणि कॉर्नफ्लोर १ मोठा चमचा

साधनांत खलबत्ता, जड सुरी, लाकडी पाट, रुंद तोंडाचे स्टीलचे पातेले, जाड बुडाची कढई, जाळीची थाळी आणि पाणी टिपण्यासाठी स्वच्छ सुती पंचा लागतो. तेलाचा तापमापक असल्यास फार उत्तम, पण त्यावाचून अडत नाही. काम सुरू करण्यापूर्वी स्टीलचे पातेले अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावे.

फिश सॉसबद्दल दोन शब्द सांगते. थायलंडमध्ये याला ‘नाम प्ला’ म्हणतात आणि तो आपल्या मांदेलीच्या कुळातल्या बारीक मासळीला मीठ लावून महिनोन्महिने मुरवून काढतात. बाटली उघडल्यावर येणारा उग्र वास पाहून अनेक जण तो वगळतात आणि सोया सॉस घालतात. तसे करू नये. शिजल्यावर तो वास राहत नाही, पण त्याने येणारी खोल खारट चव दुसऱ्या कशाने येत नाही.

१. कोळंबी निवडणे

मध्यम किंवा मोठी कोळंबी घ्यावी. करंदी भजीला उत्तम, पण या वड्यांत कोळंबीचे तुकडे दातांखाली यावे लागतात आणि करंदीत तेवढा मांसल भाग नसतो. अगदी मोठी, महागडी टायगर कोळंबी घेण्याचेही कारण नाही. ती अखंड भाजून खावी. तळ्यात वाढवलेली व्हॅनामी जातीची कोळंबी आता बाजारात सर्रास मिळते आणि ती या कामाला चांगली चालते.

बाजारात वाटा उचलण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. डोके धडाला घट्ट चिकटलेले असावे, कवच अंगाला सैल पडलेले नसावे आणि वास समुद्राचा असावा, अमोनियासारखा झोंबणारा नसावा. डोके लोंबू लागलेल्या कोळंबीबद्दल विशेष सावध राहावे, कारण डोक्यातले पाचक रस मेल्यानंतरही काम करत राहतात आणि मानेजवळचे मांस आतून सैल करतात. असे मांस कितीही आपटले तरी बांधले जात नाही. याच कारणाने घरी आल्यावर कोळंबी लगेच सोलता येणार नसेल, तरी निदान डोकी काढून ठेवावीत.

कोळीण सोलून देत असेल तर तेवढी मदत जरूर घ्या, पण सोललेली कोळंबी पाण्याच्या बादलीत खळबळून न देता तशीच पिशवीत घालायला सांगा. सोललेले मांस पाणी शोषते आणि हे पाणी पुढे तेलात आपल्याला त्रास देते.

पावसाळ्यात, जून-जुलैमध्ये, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा तळ्यातली किंवा गोठवलेली कोळंबी घ्यावी लागते. गोठवलेल्या पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. घटकांमध्ये फॉस्फेट किंवा मीठ लिहिलेले असेल, तर ती कोळंबी पाणी धरून ठेवण्यासाठी द्रावणात बुडवलेली असते. माझे एका खेपेचे वडे अशाच पाकिटामुळे फसले. ५०० ग्रॅमच्या पाकिटातून बर्फ आणि पाणी निघून गेल्यावर जेमतेम साडेतीनशे ग्रॅम कोळंबी उरली, ती हाताला रबरासारखी लागत होती आणि मी नेहमीचे मीठ घातल्यामुळे वडे खारट झाले. असे पाकीट घेण्यावाचून पर्याय नसेल तर कोळंबी रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीत ठेवून सावकाश वितळू द्यावी, वितळल्यावर तिचे वजन पुन्हा करावे आणि मीठ निम्मे करावे. गरम पाण्यात घालून घाईने कधीही वितळवू नये.

२. सोलणे, धुणे आणि कोरडी करणे

कवच आणि शेपटी काढावी, पाठीवर उथळ चीर देऊन काळा दोरा ओढून काढावा. डोकी आणि कवचे टाकू नयेत. त्यांचा उपयोग शेवटी सांगितला आहे.

यानंतर आपल्या घरांतली एक सवय बाजूला ठेवावी लागते. कोळंबी हातात आली की हळद, मीठ आणि लिंबाचा रस किंवा आगळ लावून ठेवायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे आणि कालवणासाठी ते योग्यच आहे. इथे मात्र आंबट काहीही लावू नये. आंबटाने कोळंबीचे प्रथिन शिजल्यासारखे घट्ट होते, तिचा बाहेरचा भाग पांढुरका होतो आणि मग चिकट गोळा तयार होतच नाही. माझे पहिल्या खेपेचे वडे फुटले, त्याचे एक कारण हे होते.

त्याऐवजी सोललेल्या कोळंबीवर एक छोटा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर घालून हलक्या हाताने मिनिटभर चोळावे. थोड्याच वेळात पिठाला करडा रंग येतो आणि फेसाळ चिकटपणा सुटतो. तो बर्फाच्या पाण्याने दोनदा धुवून टाकावा. याने वास जातो आणि शिजल्यावर कोळंबी कुरकुरीत, करकरीत लागते.

मग कोरडी करण्याचे काम. कोळंबी पंचावर एका थरात पसरावी, वरून पंचाचे दुसरे टोक टाकून तळहाताने दाबावे आणि नंतर ती उघडीच, ताटात पसरून, फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवावी. बोट लावल्यावर ती किंचित चिकट लागली पाहिजे, ओली नव्हे. ही पायरी घाईत उरकली तर पुढे घातलेले पीठ वाढवावे लागते, पीठ वाढले की वडा पिठूळ होतो, म्हणून इथला वेळ वाचवू नये.

३. वाटण

लसूण, कोथिंबिरीची मुळे आणि पांढरी मिरी हे थाई स्वयंपाकातले नेहमीचे त्रिकूट आहे. तिथे या तिघांना मिळून ‘तीन मित्र’ अशा अर्थाचे नाव आहे. आपल्याकडे कोथिंबिरीच्या जुडीबरोबर मुळे बहुधा येतात आणि आपण ती मातीसकट कापून फेकतो. त्या मुळांत पानांपेक्षा अधिक खोल, किंचित मातकट सुगंध असतो. पुण्या-मुंबईच्या मंडईत भाजीवाल्याला मुळे न छाटता जुडी द्यायला सांगितले की काम होते. मुळे पाण्यात दहा मिनिटे भिजत घालून जुन्या टूथब्रशने माती घासून काढावी, कारण केसासारख्या बारीक तंतूंत अडकलेली वाळू नुसत्या धुण्याने निघत नाही आणि एक कणसुद्धा दाताखाली आला तरी सगळी मेहनत वाया जाते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांना दुकानांत बहुधा मुळे छाटलेलीच कोथिंबीर मिळेल. त्यांनी जाड देठांचा खालचा भाग दुप्पट घ्यावा.

खलबत्त्यात प्रथम मिरी कुटावी, मग बारीक चिरलेली मुळे, शेवटी लसूण. कठीण वस्तू आधी आणि ओली वस्तू शेवटी हा क्रम पाळला नाही तर मिरी लसणाच्या लगद्यात निसटत राहते आणि अख्खीच उरते. थायलंडमध्ये यासाठी ग्रॅनाइटचा खल वापरतात आणि चोनबुरी प्रांतातले आंग सिला हे गाव अशा खलांसाठी प्रसिद्ध आहे. आपला दगडी खलबत्ता तेच काम करतो. बाजारातली आले-लसूण पेस्ट मात्र वापरू नये. तिच्यात पाणी असते, बहुधा आम्ल असते आणि या पदार्थाला नको असलेले आलेही असते. काळी मिरी चालेल का, असे मला नेहमी विचारतात. चालेल, पण वड्यात काळे ठिपके दिसतील आणि पांढऱ्या मिरीचा तो खास मुरल्यासारखा वास येणार नाही.

४. कोळंबी चिरणे, मळणे आणि आपटणे

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून ती सावकाश वाचावी.

थंड कोळंबीचे दोन भाग करावेत. एक तृतीयांश कोळंबीचे वाटाण्यापेक्षा थोडे मोठे तुकडे करून फ्रिजमध्ये ठेवावेत. उरलेली दोन तृतीयांश पाटावर घेऊन प्रत्येक कोळंबीवर सुरीचे पाते आडवे ठेवून तळहाताने जोरात दाबावे. कोळंबी चिरडून पसरट होते. सगळी चिरडून झाली की सुरीच्या धारेने तिचा खिमा करावा. अशा रीतीने मांसाचे तंतू तुटतात, पण तापत नाहीत.

मिक्सर वापरायचा असेल तर भांडे आणि पाते आधी थंड करावे, कोळंबी अर्धवट गोठलेली असावी आणि दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी, पाच-सहा वेळांत काम संपवावे. मिक्सर सलग फिरवला की पात्याच्या घर्षणाने वाटण गरम होते. गरम झालेले वाटण दिसायला गुळगुळीत आणि छान दिसते, पण शिजल्यावर त्याची पकड सुटते आणि दाताखाली ओला खडू आल्यासारखे लागते. माझ्या दुसऱ्या खेपेचा पिठूळपणा इथून आला होता.

आता थंड पातेल्यात हा खिमा घ्यावा आणि त्यात फक्त मीठ घालावे. साखर, सॉस, वाटण, पीठ यांपैकी काहीही अजून घालू नये. एकाच दिशेने, हाताची बोटे पंजासारखी ठेवून, दोन मिनिटे फिरवावे. मीठ कोळंबीच्या मांसातले मायोसिन नावाचे प्रथिन विरघळवून बाहेर आणते आणि हे प्रथिनच इथला खरा डिंक आहे. उष्णता लागली की ते जाळे विणून घट्ट होते आणि पाणी व चरबी त्या जाळ्यात अडकून राहतात. मिठाआधी पीठ किंवा तेल घातले तर ते मांसाच्या कणांवर थर धरते आणि हा डिंक नीट सुटत नाही. एवढा एक क्रम बदलल्यानंतर माझे वडे एकदम सुधारले.

मीठ मुरून खिमा हाताला चिकटू लागला की मग वाटण, साखर, फिश सॉस आणि चरबी वापरत नसाल तर अंड्याचा पांढरा बलक घालावा आणि पुन्हा एकजीव करावे. चरबी वापरत असाल तर ती गोठवून अगदी बारीक चिरून या वेळी घालावी. तळताना ती वितळते आणि वड्याच्या आत रसाळ पोकळ्या सोडते. थायलंडमध्ये ती सर्रास घालतात. ज्यांच्या घरी ती चालत नाही त्यांनी मोठा चमचाभर तेल घालावे, मात्र सगळ्यात शेवटी. पीठ एक मोठा चमचा, त्याहून अधिक नाही.

आता आपटण्याचे काम. सगळा गोळा हातात उचलायचा आणि पातेल्याच्या तळाशी जोराने आपटायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा आपटायचा. असे तीस ते चाळीस वेळा करावे. पहिल्या दहा आपटींत गोळा फुटून पसरतो आणि आवाज ओला, चपचप असा येतो. हळूहळू तो सबंध उचलला जाऊ लागतो, पातेल्याच्या कडा स्वच्छ होतात आणि आवाज एकसंध, भरीव होतो. बोटे उघडली की मांसाचे पांढरट, लवचीक धागे ताणलेले दिसतात आणि गोळ्याला मंद चकाकी येते. ही खूण दिसेपर्यंत थांबू नये. मध्येच हाताला गोळा कोमट लागला तर पातेले दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून पुढचे काम करावे. शेवटी बाजूला ठेवलेले तुकडे हलक्या हाताने मिसळावेत; ते चिरडले जाऊ नयेत.

चव पाहण्यासाठी बोराएवढा गोळा उकळत्या पाण्यात दोन मिनिटे सोडावा. कच्चे मिश्रण चाटून पाहू नये. शिजलेला गोळा अंगठ्याने दाबल्यावर पुन्हा फुगला पाहिजे आणि तोडल्यावर त्याचा भुगा होता कामा नये. भुगा होत असेल तर आणखी वीस वेळा आपटा. मीठ कमी वाटले तर फिश सॉसचे थेंब वाढवा. वडे तेलात सोडल्यावर कोणतीही दुरुस्ती करता येत नाही, म्हणून ही दोन मिनिटे वगळू नका.

५. थंड करणे आणि आकार देणे

मिश्रण झाकून निदान एक तास फ्रिजमध्ये ठेवावे. चार-पाच तास ठेवले तरी चालते, पण रात्रभर ठेवले की पाणी सुटू लागते.

आकार देताना हाताला तेल लावावे, पाणी लावू नये. ५० ग्रॅमचा, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा गोळा घेऊन तो एका तळहातावरून दुसऱ्यावर तीन-चार वेळा थापटावा, म्हणजे आतली हवा निघून जाते. अडकलेली हवा तळताना फुगते आणि वडा फोडते. मग तो दीड सेंटिमीटर जाडीचा चपटा करून मध्ये बोटाने भोक पाडावे. भोक थोडे मोठेच ठेवावे, कारण शिजताना ते आखडते. भोकामुळे मध्यभाग आणि कडा एकाच वेळी शिजतात. सपाट टिक्कीत कडा कोरड्या होईपर्यंत मध्यभाग कच्चा राहू शकतो. नवख्यांनी भोकाचाच आकार निवडावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

६. चुरा लावणे

पॅन्को या जपानी नावाने मिळणारा जाडसर चुरा वापरावा. तो मिळत नसेल तर दोन दिवसांच्या लादी पावाच्या कडा काढून आतला भाग जाड किसणीवर किसावा आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर, रंग येऊ न देता, सुकवावा. डब्यात मिळणारा पिठासारखा बारीक ब्रेडक्रम्ब वापरू नये. तो घट्ट कवच धरतो आणि आतली वाफ बाहेर पडू न देता स्वतःच ओला होतो. कोकणी माणसाचा हात इथे रव्याकडे वळतो. रवा लावून वडे वाईट होत नाहीत, पण तो कुरकुरीतपणा वेगळा, कणीदार असतो आणि चवही मग रवा फ्रायची होते.

मिश्रण मुळात चिकट असल्याने अंडे किंवा पिठाची खळ लावण्याची गरज नाही. वडा चुऱ्यावर ठेवावा, वरून चुरा पसरावा, हलके दाबावे, उलटावा आणि सुटलेला चुरा झटकून टाकावा. भोकाच्या आतल्या कडेलाही चुरा लागला आहे ना, हे पाहावे. चुरा लावलेले वडे पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवल्यास चुरा नीट धरतो.

७. तळणे

कढईत वडा बुडेल इतके, म्हणजे किमान पाच सेंटिमीटर खोल तेल घ्यावे. रिफाइंड शेंगदाणा तेल किंवा राइस ब्रान तेल चांगले. घाण्याच्या तेलाचा वास या नाजूक पदार्थावर मात करतो, म्हणून ते इथे नको.

तेल १६५ ते १७० अंश सेल्सियसवर आणावे. तापमापक नसेल तर चुऱ्याचा कण टाकून पाहावा. तो किंचित बुडून लगेच बुडबुड्यांसह वर आला तर तेल तयार आहे. तळाशीच राहिला तर थंड आहे, टाकताक्षणी तपकिरी झाला तर फार तापले आहे. पॅन्को पटकन रंग धरतो आणि त्यामुळे फसगत होते: तेल तापलेले असले की मिनिटभरात सुरेख सोनेरी रंग येतो, आपण वडा काढतो आणि आत कोळंबी अजून काचेसारखी पारदर्शक असते.

एका वेळी तीन किंवा चारच वडे सोडावेत. पहिले मिनिट झारा लावू नये. नंतर उलटावे आणि एकूण साडेतीन ते चार मिनिटे तळावे. सुरुवातीला बुडबुडे मोठे आणि आवाज जोराचा असतो. वड्यातले पाणी कमी झाले की बुडबुडे बारीक होतात, आवाज मंदावतो आणि वडा हलका होऊन तरंगतो. पहिला वडा मोडून पाहावा. आतले मांस सर्वत्र अपारदर्शक, पांढरट-गुलाबी दिसले पाहिजे. मांसाचा तापमापक असल्यास मध्यभागी ६३ अंशांच्या वर आकडा यावा.

काढलेले वडे जाळीवर, एकमेकांना न टेकता, उभे किंवा आडवे ठेवावेत. माझ्या तिसऱ्या आणि चौथ्या खेपेचे वडे मऊ पडण्याचे कारण तळण्यात नव्हते, ते या शेवटच्या मिनिटात होते. मी ते डब्यात कागदावर एकावर एक रचत होते, खालच्यांची वाफ वरच्यांना लागत होती आणि कुरकुरीत चुरा जागच्या जागी भिजत होता. प्रत्येक घाण्यानंतर तेलातला जळका चुरा जाळीने काढावा आणि तेल पुन्हा तापू द्यावे.

पाहुण्यांसाठी आधी तळून ठेवायचे असतील तर फिकट रंगावर, तीन मिनिटांत काढावेत आणि वाढण्यापूर्वी १८० अंशांच्या तेलात मिनिटभर पुन्हा तळावेत. मधला काळ अर्ध्या तासाहून जास्त असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या तळणीत आतून गरम झाले आहेत ना, हे पाहावे.

८. सोबतची चटणी

थायलंडमध्ये या वड्यांबरोबर ‘नाम चिम बुआय’ देतात. बुआय म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेले, आलुबुखाराच्या नात्यातले आंबट फळ. ते आपल्याकडे सहज मिळत नाही, पण सुक्या मेव्याच्या दुकानातल्या सुक्या आलुबुखाराने त्याच्या जवळ जाता येते. आठ आलुबुखार अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवावेत, बिया काढून गर कुस्करावा, त्यात अर्धी वाटी साखर, पाव वाटी पांढरे व्हिनेगर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि हवी असल्यास एक लाल मिरची चिरून घालावी आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजवावे. एकतारी पाकाच्या जरा आधीच गॅस बंद करावा, कारण गार झाल्यावर चटणी आणखी घट्ट होते. चिंच घालण्याचा मोह आवरावा. ती घातली की चव भेळेच्या चटणीकडे झुकते. बाटलीतला थाई गोड मिरचीचा सॉसही चालतो, बरोबर काकडीच्या जाड चकत्या ठेवाव्यात.

साठवण आणि उरलेली कवचे

ताज्या कोळंबीचे वडे चुरा लावून, ताटात सुटे सुटे गोठवून, मग पिशवीत भरल्यास महिनाभर चांगले राहतात. ते न वितळवता थेट १५० ते १५५ अंशांच्या तेलात सहा-सात मिनिटे तळावेत. गोठवलेल्या कोळंबीचे केले असतील तर पुन्हा गोठवू नयेत, त्यांचा पोत बिघडतो. एअर फ्रायरमध्ये करायचे झाल्यास चुरा आधी चमचाभर तेलात परतून सोनेरी करून घ्यावा, कारण तिथे कोरडा चुरा पांढराच राहतो. १९० अंशांवर दहा-बारा मिनिटे लागतात. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी कवचधारी मासळीची कुणाला ॲलर्जी आहे का, हे आवर्जून विचारावे, आणि त्याच तेलात नंतर त्यांच्यासाठी दुसरे काही तळू नये.

बाजूला ठेवलेली डोकी आणि कवचे थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतावीत, लिटरभर पाणी घालून वीस मिनिटे उकळावीत आणि डावाने दाबून गाळून घ्यावीत. नारिंगी रंगाचे जे पाणी मिळते ते त्याच दिवशी टॉम यम या आंबटतिखट थाई सूपला किंवा कोळंबीच्या कालवणाला वापरावे, अथवा बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावे.